दोन मापांचे बूट

यंदा थंडी जरा लवकरच आली. परवा सकाळी नांदगाव खंडेश्वरच्या एसटीत बसले तर खिडकीची काच सरकता सरकेना, आणि शेतांवरून आलेला वारा थेट कानात शिरला. बाहेर कपाशी फुटली होती. डोक्याला रुमाल आणि कमरेला ओटी बांधलेल्या बाया ओळीने वेचायला शिरत होत्या. तुरीला पिवळा बार धरला होता. शेजारच्या सीटवरची बाई पदर कानावर ओढत म्हणाली, "थंडी पडली वं माय," आणि मी नुसतं हो म्हटलं. तिला काय सांगणार? थंडी पडली हे माझ्या डाव्या पायाला माझ्याही आधी कळतं. बोटं आधी बधिर होतात, मग घोट्याखालचा सगळा भाग परका वाटायला लागतो, जणू कोणीतरी ठेवायला दिलेली वस्तू मी सांभाळून नेते आहे.

असं झालं की मला तो हिवाळा आठवतो. पुढे कितीतरी हिवाळे आले आणि गेले, पण "हिवाळा" म्हटलं की माझ्या मनात तोच एक उभा राहतो. अकोल्यातल्या दादाच्या घराचं अंगण, उन्हाची तिरपी पट्टी, आणि त्या पट्टीत उलटी करून ठेवलेली सायकल.

त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास माझ्या कमरेतल्या मणक्याची गादी सरकली. महिनाभर मी पालथी पडून होते. शेवटी अकोल्यात ऑपरेशन झालं, कारण दादा तिथे राहतो आणि आमच्या घरात दवाखान्याचं काहीही निघालं की ते दादाच्या गळ्यात पडतं. कळ गेली. इतकी गेली की शुद्धीवर आल्यावर मला हसूच आलं. पण डावा पंजा वर उचलेना. पाय लुळा नव्हता, गुडघा वाकत होता, मांडी उचलत होती, फक्त घोट्यापासून पुढचा पंजा लोंबत राहायचा. चालताना टोक फरशीला अडायचं. सोफ्यापासून न्हाणीघरापर्यंत जाताना चपलेचा फटक-फटक असा आवाज यायचा, आणि वहिनी स्वयंपाकघरातून त्या आवाजावरून मी कुठवर पोचले ते ओळखायची.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. माझी शाळा नांदगाव खंडेश्वर तालुक्यात, मुख्य रस्त्यावरच्या फाट्यापासून बरीच आत. फाट्यापासून नाल्यापर्यंत डांबरी आहे. नाल्यापलीकडे तेव्हा निव्वळ काळी माती होती. आजारपणाआधी मी अमरावतीहून स्कूटी घेऊन जायची. आता डॉक्टरांनी स्कूटी बंद म्हणून सांगितलं होतं. एक तर एवढा लांबचा पल्ला कमरेला चालणार नव्हता. दुसरं म्हणजे थांबताना डावा पाय टेकला की तो खाली दुमडायचा, आणि स्कूटीचं वजन काही मला सावरत नव्हतं. फाट्यापर्यंत एसटी होती. तिथून आत जाणारी जीप भरेल तेव्हा निघायची, आणि ती शाळेच्या वेळेला भरत नाही हे सगळ्या गावाला माहीत होतं.

माझा नवरा विलास अमरावतीतच शिक्षक आहे. आम्ही डी.एड.ला एका वर्गात होतो, त्यामुळे आमचं अरे-तुरेच चालतं. तो शनिवारी दुपारी अकोल्याला यायचा, रविवारी जायचा. दिवाळीच्या आधीच्या एका शनिवारी त्याने चहा संपवला आणि म्हणाला, "मी साहेबाशी बोललो. तुले पंचायत समितीत घेतीन. खुर्चीवरचं काम आहे. घरून रिक्षा, ऑफिसून रिक्षा."

"मले खुर्ची नको," मी म्हटलं.

"कोनाले हौस असते? पन पाय पाह्यना जरासा."

"पायच पाहून राहिली मी महिन्यापासून. दुसरं काय पाह्यलं?"

 विलास वाईट बोलत नव्हता. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच बोलले असते. पण एक गोष्ट त्याने, एवढी वर्षं सातवीला शिकवून, कदाचित विसरून टाकली होती. पहिलीचं मूल पावसाळाभर अक्षरं सुटीसुटी ओळखतं. घराचा घ, रथाचा र. भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवून घडाघडा म्हणून दाखवतं, पण त्याला वाचता येत नसतं. दिवाळी होते, थंडी पडते, पोरं वर्गात एकमेकांना चिकटून बसायला लागतात, आणि त्याच दिवसांत कधीतरी अक्षरंही एकमेकांना चिकटतात. एखादी पोरगी घ म्हणते, र म्हणते, मध्येच थांबते, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. "घर!" ते काहीतरी पाहण्यासाठी मी नोकरी करते, असं म्हटलं तरी चालेल. बाकीचं वर्षभराचं काम त्या दोन महिन्यांची मशागत असते. आणि माझ्या वर्गाचा तो हंगाम तोंडावर आला होता.

व्यायामासाठी मी ज्या फिजिओथेरपिस्टकडे जायची त्या डॉक्टर निखत वयाने माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलायच्या. त्यांनी माझ्या पायाच्या मापाची प्लास्टिकची पट्टी करून दिली. ती पोटरीच्या मागून खाली येऊन तळव्याखाली जायची आणि पंजा लोंबू द्यायची नाही. ती घालून मी चालू शकत होते. हळू चालायची, पण फटक-फटक थांबलं. मग एक दिवस त्यांनी मला जागेवरच फिरणाऱ्या सायकलवर बसवलं. पेडल मारताना मला कळलं की चालण्यापेक्षा हे सोपं आहे. पाय जमिनीवरून उचलावाच लागत नाही, पेडलच त्याला वर आणतं. फक्त तो पुढे घसरायचा. चार फेऱ्या झाल्या की पंजा पेडलवरून निसटून हवेत.

"डॉक्टर, हा पाय पेडलवर राहिला तर मी खरी सायकल चालवू शकते का?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "कमर को झटका नहीं लगना चाहिए. सपाट रस्ता, हळू स्पीड. चालवा ना. लेकिन गिरना नहीं."

घरी येऊन मी हे सांगितलं आणि दादाचा चेहरा उजळला. बँकेतून निवृत्त झाल्यापासून दादाला सायकलचा नाद लागलेला. पहाटे आठ-दहा जणांचं टोळकं जमवून बाळापूरला जायचं, किल्ल्याखाली चहा प्यायचा आणि ऊन चढायच्या आत परत यायचं. त्याच्याकडे ते खास बूट होते, तळाला धातूचा तुकडा असलेले. बूट पेडलवर दाबला की खट्‌ असा आवाज होऊन पाय पेडलला अडकतो. टाच बाहेरच्या बाजूला फिरवली की सुटतो.

"अवं, हेच तर पाहिजे तुले!" दादा म्हणाला. "पाय लॉकच होते. घसरनच कसा?"

मलाही ते पटलं. पाय घसरतो, तर तो बांधून ठेवावा, यात चुकीचं काय? दादाने दोन दिवसांत माझ्या मापाचे बूट मागवले. वहिनीची जुनी, मधला दांडा खाली असलेली लेडीज सायकल बाहेर काढली, तिला ती पेडलं बसवली. मी पट्टी घातली, बूट घातले. चालताना अंगणातल्या फरशीवर टकटक वाजत होतं आणि मी सारखी घसरेन की काय असं वाटत होतं. पण सायकलवर बसून पाय अडकवला, आणि काय सांगू! कॉलनीच्या रस्त्याला दोन चकरा मारल्या. दोन महिन्यांनी पहिल्यांदा मी माणसाच्या वेगाने कुठेतरी जात होते. थंड वारा तोंडावर येत होता. एका घराच्या गच्चीवर एक बाई पापड वाळत घालत होती, तिला मी उगाचच हात केला.

गेटपाशी थांबायला गेले. उजवा पाय सुटला. डावा सुटेना. टाच फिरवायची एवढंच काम, पण त्या पायाला वरून दिलेला हुकूम पोचतच नव्हता. सायकल डावीकडे कलली आणि मी तिच्यासकट, अगदी सावकाश, जास्वंदीच्या झाडात आडवी झाले. पाय अजून पेडललाच.

कोपर सोलवटलं, बाकी काही झालं नाही. पण दादा धावत आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. खाली बसून त्याने माझा पाय बुटातून काढला.

"बास झालं," तो म्हणाला. "माहीच अक्कल चालली नाही. आता सायकलचं नाव काढू नको."

"तुही चूक नोहोय दादा. बुटाची होय."

"तू कावून एवढी जिद्द करून राहिली? कमरेले लागलं असतं तर? विलास बरोबर म्हनते. अमरावतीत राह्य, ऑफिसात बस."

 अंगणातल्या त्याच उन्हाच्या पट्टीत बसून मी पायाकडे पाहत राहिले. रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता, आणि राग कशाचा ते मला तेव्हा कळत होतं. मी चुकीचा प्रश्न विचारला होता. पाय पेडलवर राहील कसा, एवढंच मी विचारलं होतं. मला तर फाट्यापासून सायकल चालवायची होती, नाल्याशी उतरायचं होतं, मातीतून चालायचं होतं, शाळेच्या पायऱ्या चढायच्या होत्या आणि दिवसभर वर्गात पोरांमधून फिरायचं होतं. दादा घरून निघतो आणि घरी येतो. मधे चहा पितानाही तो सायकलपासून चार पावलांवर असतो. त्याचे बूट त्याच्यासाठी बरोबर होते. माझा अर्धा दिवस सायकलवर जाणारच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती खडखडाटाने. खिडकीतून पाहिलं तर दादा अंगणात वहिनीच्या सायकलवर गोल गोल फिरत होता. जुनी साधी पेडलं परत बसवली होती. डाव्या पायात वहिनीची ढिली स्लीपर होती आणि तो पाय त्याने मुद्दाम सैल सोडला होता, पंजा लोंबता. दर दोन फेऱ्यांनी पाय निसटायचा, तो थांबायचा, स्लीपर शोधायचा, पुन्हा बसायचा. साठी ओलांडलेला माणूस, कानटोपी घालून, एकटाच. मी हाक मारली नाही. पडदा सोडून मागे येऊन बसले.

नाश्त्याच्या वेळी तो म्हणाला, "तुहा पाय खाली नाही घसरत. पुढं घसरते."

"मंग?"

"मंग त्याले समोरून अडवाचं. मागून मोकळा ठेवाचा. पडाले आली का पाय मागं ओढाचा. मागं ओढता येते ना तुले?"

मांडीच्या जोरावर पाय मागे ओढता येत होता. त्याने संध्याकाळी दुकानातून पेडलला लावायचा एक अर्धा पिंजरा आणला. पेडलच्या पुढच्या कडेला बसणारी प्लास्टिकची टोपी म्हणा. पंजा तिच्यात शिरतो आणि तिथेच अडतो, टाच मोकळी राहते. तो फक्त डाव्या पेडलला. उजव्या पायाला सारखं जमिनीवर टेकायचं आणि परत पेडलवर यायचं होतं, म्हणून तिकडे रुंद सपाट पेडल घेतलं, वर बारीक दाते असलेलं. सायकलच्या दुकानदाराला ते काही आवडलं नाही. "दोन्हीकडून सारखं पाह्यजे न वो, कसं दिसन ते?" असं तो म्हणत होता. दादा म्हणाला, "पाय कुठं सारखे आहेत? तू लाव."

यानेही एकदम जमलं नाही. पिंजऱ्याच्या वजनाने डावं पेडल उलटं होऊन लोंबतं. चांगला पाय असलेला माणूस बोटाच्या टोकाने त्याला सुलटं करतो आणि आत शिरतो. माझ्या बोटांना तेवढंही येत नव्हतं. मी पाय घालायला जायची, पेडल उलटं व्हायचं, पिंजरा जमिनीला घासायचा. दादा म्हणाला राहू दे. मी म्हटलं थांब. मग सापडलं ते असं: सायकल दोन्ही पायांमध्ये घेऊन उभं राहायचं, वाकून पेडल हाताने सरळ करायचं, डावा पाय आधी आत घालायचा आणि मगच उजव्या पायाने रेटा देऊन निघायचं. आणि थांबताना नेहमी उजवा पाय टेकायचा. डावा आत गेला की मुक्कामाला पोचेपर्यंत बाहेर काढायचाच नाही. आपण सगळे लहानपणापासून डावा पाय टेकत आलेलो. अंगाला उजवीकडे कलायला शिकवणं हे पेडल शोधण्यापेक्षा अवघड निघालं. शेजारच्या मोकळ्या मैदानावर मी आठवडाभर फक्त निघायचं आणि थांबायचं, एवढंच केलं.

राहिले बूट. अकोल्याच्या बाजारात मी आणि दादा तीन दुकानं फिरलो. पातळ तळाचे कॅनव्हासचे घातले तर पेडलची कड तळव्याला टोचायची आणि पाय तिच्यावर वाकायचा. अगदी ताठ तळाचे घातले तर सायकलला उत्तम, पण चालताना पायाला पाट बांधल्यासारखं व्हायचं. पाऊल पुढे लवायचंच नाही, आणि ज्याचा पंजा उचलत नाही त्याला असा बूट हमखास पाडतो. डोंगर चढायचे जाड बूट पिंजऱ्यात शिरेनात. मी प्रत्येक बूट हातात घेऊन वाकवून पाहायला लागले. मधे वाकला की खाली ठेवायचा. कुठेच वाकला नाही तरी खाली ठेवायचा. मधे ताठ आणि फक्त बोटांपाशी वाकणारा, तळाला खाचा पण फार खोल नाहीत, टोक निमुळतं, असा एक करडा जोड शेवटी मिळाला. पण उजव्याला जो बसत होता तो डाव्याला पट्टीसकट बसेना. डाव्याला एक माप मोठा लागत होता.

"ताई, जोड फुटत नाही," दुकानदार म्हणाला. "उरलेला मी कोनाले इकू?"

"दोन्ही जोड बांधा," मी म्हटलं.

दादाने दोन्ही खोकी काखोटीला मारली. उरलेला जोड, डावा लहान आणि उजवा मोठा, अजून त्याच्या घरी माळ्यावर आहे. त्याचं काय करायचं हे आम्हाला अजून सुचलेलं नाही. असा एखादा माणूस कधी भेटेल, ज्याचं नेमकं माझ्या उलट झालं असेल, असं वहिनी म्हणते.

डिसेंबर लागता लागता मी अमरावतीला परतले आणि शाळेत रुजू झाले. विलासने विरोध केला नाही, पाठिंबाही दिला नाही. सायकल फाट्यावरच्या कमलबाईंच्या चहाच्या टपरीमागे ठेवली. कमलबाईंनी ती दोन वेगवेगळी पेडलं पाहिली, माझे बूट पाहिले आणि फक्त एवढंच विचारलं, "मॅडम, दुखते का?" नाही म्हटल्यावर त्यांनी चहा दिला. पहिल्या दिवशी नाल्यापर्यंत सायकलने गेले आणि पुढची वाळलेली, चाकोऱ्यांची वाट सायकल हातात धरून चालले. थंडीत काळी माती दगडासारखी होते. तिच्यावर चालताना तो बूट बोटांपाशी वाकत होता आणि मी मोठ्याने म्हटलं, "चल." कोणाला म्हटलं कोण जाणे.

पुढे पुढे त्या वाटेची इतकी सवय झाली की मला तिचा मोह पडला. स्कूटीवरून जाताना मला फक्त खड्डे दिसायचे. आता हरभऱ्याच्या शेतावरून येणारा आंबूस वास कुठे सुरू होतो ते कळायला लागलं. तुरीत शिरलेल्या नीलगाई मान वर करून बघायच्या आणि मी थांबले की तेवढ्या पळायच्या. कपाशीच्या गाठोड्यावर बसलेल्या बाया बैलगाडीतून ओरडायच्या, "मॅडम, बसता का?" मी नको म्हणायची. हट्टाने म्हणायची, हे कबूल आहे. बसले असते तर काही बिघडत नव्हतं. पण त्या हिवाळ्यात मला कोणाच्याही गाडीत बसायचं नव्हतं.

संक्रांत झाली आणि एका रात्री अवकाळी पाऊस आला. अमरावतीत नुसता भुरभुरला होता. फाट्यावर उतरले तर सगळं ओलं, टपरीच्या ताडपत्रीवर पाणी साचलेलं. गावंडे सरांचा, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांचा, फोन आला. "मॅडम, तुमी येऊ नका आज. वाट खराब आहे. तुमची पोरं मी चौथीत बसवतो." कमलबाई म्हणाल्या, "जाऊ नोका. बैल फसते तिथं."

मी परतीच्या एसटीची वाट पाहत थोडा वेळ उभी राहिले. एसटी आलीही. कंडक्टरने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. दार लागलं.

नाल्यापर्यंत ठीक गेले. पलीकडे उतरले आणि सायकल चार पावलं ढकलली, तर चाकाभोवती चिखल असा जमला की चाक फिरायचंच थांबलं. काडीने खरवडला, पुन्हा जमला. शेवटी सायकल एका बाभळीला टेकवून ठेवली आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, गवतातून चालायला लागले. जिथे गवत नव्हतं तिथे माती बूट धरून ठेवायची. उजवा पाय ओढला की निघायचा. डावा ओढताना मला भीती होती की पाय वर येईल आणि बूट, पट्टी सगळं खालीच राहील. मी मांडी दोन्ही हातांनी धरून उचलायची. एक पाऊल, मग थांबायचं, तळाचा चिखल धुऱ्याच्या कडेला खरवडायचा, दुसरं पाऊल. अर्ध्यावर आले तेव्हा मागे वळून पाहिलं. मागे तेवढंच अंतर होतं, पुढेही तेवढंच. आभाळ मळकट होतं. तुरीच्या शेंगांतून पाणी ठिबकत होतं. कोणी पाहायला नव्हतं, कोणाला दाखवायचंही नव्हतं. पंचायत समितीतल्या खुर्चीचा विचार त्या वेळी मनात आला, खोटं कशाला सांगू. ती खुर्ची फार कोरडी वाटली.

पण बूट निघाला नाही. पट्टी हलली नाही. शाळेच्या हातपंपाशी पोचले तेव्हा माझी साडी गुडघ्यापर्यंत काळी झाली होती.

गावंडे सर चौथीच्या दारात आले. "अवो मॅडम! मी सांगतलं होतं न!"

"सर, माही पोरं द्या."

त्यांनी पोरांना माझ्या वर्गात पाठवलं. पोरं येऊन बसली आणि माझ्या पायांकडे टक लावून पाहायला लागली. पाय धुवायचं त्राण नव्हतं. मी खुर्चीत बसले आणि तिथूनच हात लांब करून फळ्यावर एक शब्द लिहिला. सलोनी नावाची एक पोरगी होती. डिसेंबरभर तिने एकही शब्द जोडला नव्हता. अक्षरं सगळी यायची, पण शब्द म्हटला की ती खाली बघायची. त्या दिवशी ती फळ्याकडे बघत होती.

"चि," ती म्हणाली. "ख." थांबली. "ल."

 तिने फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ओरडली, "चिखल! मॅडम, तुमच्या पायाले!"

सगळी पोरं हसली. मीही हसले, आणि मग थोडा वेळ मला फळ्याकडे तोंड करून उभं राहावं लागलं.

फेब्रुवारीच्या शेवटी अकोल्यात शेवटची तपासणी होती. विलासने रजा काढली होती. डॉक्टर निखत यांनी पायाची सगळी बोटं, घोटा, पोटरी दाबून पाहिली, मला पंजा उचलायला सांगितला. मी सगळा जोर लावला. पंजा किंचित हलला.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "जितका यायचा होता तितका आला. आता यापुढे नस फार काही देणार नाही. पट्टी कायमची राहील."

मला वाटलं होतं मी तयार आहे. नव्हते. एवढे दिवस पट्टी घालताना, पेडल हाताने सरळ करताना, कुठेतरी आत मी धरून चालले होते की हे तात्पुरतं आहे. बाहेरच्या बाकावर मी बराच वेळ बसून राहिले. विलास शेजारी बसला. पाण्याची बाटली उघडून त्याने माझ्या हातात दिली आणि झाकण स्वतःच्या हातात धरून ठेवलं.

संध्याकाळच्या एसटीने निघालो. बोरगाव मंजू गेलं. गव्हाच्या शेतांवर पिवळं ऊन पडलं होतं, थंडी संपत आली होती, खिडकी उघडी ठेवता येत होती.  विलास बोलेल आणि बदलीचं बोलेल, असं मला वाटत होतं, आणि त्या वेळी त्याच्याशी भांडायची ताकद माझ्यात नव्हती. मूर्तिजापूरला गाडी थांबली, माणसं उतरली, चढली, गाडी पुन्हा निघाली.

"मंग आता?" त्याने विचारलं.

"आता उद्या शाळा."

त्याने समोर पाहत मान हलवली. बडनेऱ्याचे दिवे दिसायला लागले तेव्हा त्याने खिडकी ओढून घेतली. मग म्हणाला, "तुले गाडी पकडाले घरून लवकर निंघा लागते. सकाऊनचा डबा उद्यापासून मी करत जाईन."

"तुले जमते का?"

"शिकतो न," विलास म्हणाला. "काय करू उद्या?"

मी जरा विचार केला आणि म्हटलं, "पिठलं कर. घट्ट कर."